जळगावात बसून समुद्राची लाट कशी वाचायची (सर्फिंगला निघण्याआधी नक्की वाचा)

काय भो, आपल्याकडे समुद्र नाही हे सगळ्यांना माहितीये, तापी आहे, गिरणा आहे, हतनूर आहे, पण लाट म्हणाल तर हतनूरचे दरवाजे उघडल्यावर दिसते तेवढीच. तरी माझ्या ओळखीतली आठ-दहा पोरं, जळगावची, अमळनेरची, एक शहाद्याचा, आता दरवर्षी गोव्याला नाहीतर कर्नाटकात मुल्कीला सर्फिंग शिकायला जातात आणि निघायच्या आधी मला सगळ्यांचा एकच फोन येतो, "दादा ॲपवर लाट किती मीटर दाखवतंय, जाऊ का?" आणि मी दरवेळी तेच सांगतो की बाबा मीटर नंतर बघ, आधी सेकंद बघ. हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून बसलोय, लांबेल थोडं, पण पूर्ण वाचा कारण पाण्यात जायचंय.

माझी स्वतःची पहिली ट्रिप फेब्रुवारीतली. ॲपवर दीड मीटर लाट दिसली आणि मी खुश, मंगला एक्स्प्रेसचं तिकीट काढलं (ही गाडी भुसावळ, जळगाव करत थेट कोकण रेल्वेनं मडगाव, कारवार, उडुपी, मंगळुरूला जाते, खान्देशातून सर्फिंगला जाणाऱ्याला याच्याइतकी सोयीची गाडी नाही) आणि पोचलो तर समुद्र म्हणजे नुसता घुसळलेला, लाट उठतेय कुठं फुटतेय कुठं काही कळत नाही, वारा तोंडावर, दोन दिवस नुसता धक्के खाऊन परत आलो. पुढच्या एप्रिलमध्ये परत गेलो तेव्हा ॲपवर फक्त ०.८ मीटर होतं, सोबतचे दोघं म्हणे एवढ्याशा लाटेसाठी कशाला यायचं, आणि सकाळी सहाला बीचवर जाऊन बघतो तर छातीएवढी लाट, एकामागं एक सरळ रांगेत, पाणी काचेसारखं. पहिल्या वेळी लाटेचा पिरियड होता ६ सेकंद आणि दुसऱ्या वेळी १५. सगळा फरक तिथं होता.

तर पिरियड म्हणजे काय. एक लाट तुमच्यासमोरून गेली आणि तिच्यामागची तिथंच आली, या दोघींमध्ये किती सेकंद गेले तो पिरियड. वारा थोडा वेळ आणि थोड्या अंतरावर वाहिला की ५-६-७ सेकंदाच्या आखूड लाटा होतात, त्या जवळच्याच वाऱ्याच्या असतात, त्यांना स्वेल म्हणायचं नाही, ॲपमध्ये पण त्या वेगळ्या दाखवतात. पण खूप लांब कुठंतरी, म्हणजे आपल्यासाठी पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या वरच्या समुद्रात मोठं वादळ दोन-तीन दिवस घोंघावलं की तिथून लांब पिरियडच्या लाटा निघतात, १२, १४, १६ सेकंदाच्या, आणि त्या हजारो किलोमीटर येतात. वाटेत आखूड लाटा मागं राहतात, विरतात, आणि लांब लाटा नीट रांगा लावून किनाऱ्याला येतात. हाच स्वेल.

याचा हिशोब सोपा आहे, वहीत करून बघा. खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर पिरियडचा वर्ग करा आणि १.५६ नं गुणा. ६ सेकंदाची लाट ५६ मीटर लांब आणि १४ सेकंदाची ३०६ मीटर. लाटेला तळ लागायला सुरुवात होते तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ६ सेकंदवालीला २८ मीटर खोलीपर्यंत तळाचा पत्ताच नसतो आणि १४ सेकंदवालीला दीडशे मीटर खोलीवरच तळ जाणवायला लागतो. म्हणून ती किनाऱ्याजवळ येता येता हळू होते, आवळली जाते आणि उंच उभी राहते. खोल समुद्रात दोन्ही एक एक मीटरच्या असल्या तरी किनाऱ्यावर फुटताना ६ सेकंदवाली साधारण सव्वा मीटर होईल आणि १४ सेकंदवाली पावणेदोन मीटरपर्यंत जाईल, आणि ताकद तर दुपटीच्या वर. हे गणित सपाट उताराच्या बीचचं आहे, प्रत्येक बीचवर थोडं कमीजास्त होणारच, पण अंदाज येतो.

अजून एक मजेशीर हिशोब. स्वेलचा जथा ज्या वेगानं पुढे सरकतो तो साधारण पिरियडच्या दीडपट नॉट्स. १४ सेकंद असेल तर २१ नॉट्स, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. दक्षिण अक्षांश ४० च्या आसपास वादळ झालं तर तिथून मुल्की जवळपास सहा हजार किलोमीटर आहे, म्हणजे लाट पोचायला सहा दिवसांच्या वर लागतात. १६ सेकंदाची लाट यापेक्षा जोरात येते म्हणून ती आधी पोचते. त्यामुळं स्वेल येताना ॲपवर पिरियड अचानक उडी मारतो, कालपर्यंत ९ असलेला एकदम १६-१७, उंची मात्र बारीक, अर्धा मीटर फक्त. लोकांना वाटतं काही नाही. ही त्या स्वेलची पहिली वर्दी असते भो, पुढचे दोन-तीन दिवस पिरियड हळूहळू उतरतो आणि उंची चढते, आणि तुमचे चांगले दिवस ते. मी घरी बसून, बाहेर ४४ डिग्री तापलेलं असताना, कूलरसमोर हा आकडा १७ झालेला बघतो आणि तत्काळचं बघायला लागतो.

तत्काळचं म्हणून सांगतो कारण इथंच आपल्या लोकांची खरी अडचण आहे. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि लाटेचा अंदाज जेमतेम आठ-दहा दिवसांचा. दोन महिने आधीच काढायचं असेल तर सीझन बघून काढा, पश्चिम किनाऱ्यावर शिकणाऱ्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग मार्च ते मेचा पहिला पंधरवडा, डिसेंबर-जानेवारीत समुद्र बहुतेक शांत, अगदी नवख्याला फेसाळ पाण्यात बोर्डवर उभं राहायला बरा. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमीत पश्चिम किनाऱ्याला जायचंच नाही, तीन-चार मीटर लाट, वारा समुद्राकडून, ओढ प्रचंड. १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीवर पण बंदी असते, जो माणूस रोज समुद्रात जातो तोच तेव्हा होडी वर ओढून ठेवतो, यातून काय ते समजा.

आणि अंदाजावर निघायचं असेल तर हे लक्षात ठेवा की स्वेलचा अंदाज पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी बरोबर येतो कारण लाट निघालेली असते, रस्त्यात असते. वाऱ्याचा अंदाज तीन दिवसांच्या पुढे धरू नका. त्यामुळं मी स्वेल बघून गाडी ठरवतो आणि तिथं पोचल्यावर वारा बघून तास ठरवतो. दिवस स्वेलचा, वेळ वाऱ्याची.

आता वारा. यात आपण खान्देशी माणसं कच्ची नाही, मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा, रात्री दोनला उठून मोबाईलवर वाऱ्याचे आकडे बघतो तो, कारण एका झोतात बाग आडवी होते. तेच आकडे, तेच ॲप, फक्त बघायचं वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे, म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो, तो लाटेच्या तोंडाला थोपवून धरतो, लाट उशिरा आणि स्वच्छ फुटते. याला ऑफशोर म्हणतात. पश्चिमेचा-वायव्येचा वारा समुद्राकडून येतो, लाटेच्या पाठीवर बसतो, तिला वेळेआधी पाडतो, सगळं विस्कटतं. तो ऑनशोर. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आठवतात ना, परीक्षेत दोन मार्कांना यायचे, तेच हे. रात्रभर जमीन गार होते म्हणून पहाटे मतलई वारा समुद्राकडं जातो, दिवस चढला की जमीन तापते आणि दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तो ताशी २० किलोमीटरच्या वर जातो. म्हणून सर्फिंग पहाटेचं. साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास सोन्याचे, नाश्ता करून दहाला जाऊ म्हणणाऱ्याला मी सोबत घेत नाही.

आकडा सांगायचा तर नवख्यानं ताशी १० किलोमीटरच्या आतला वारा बघावा, कुठल्याही दिशेचा असला तरी चालेल. १० ते १५ असेल तर पूर्वेचाच हवा. त्याच्या वर गेला तर बीचवर बसून बघा. ॲप नॉट्समध्ये दाखवत असेल तर एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर. आणि नुसता वारा बघू नका, झोताचा आकडा वेगळा असतो तो पण बघा.

दिशेबद्दल सगळ्यांचा गोंधळ होतो म्हणून सावकाश सांगतो. वारा असो की स्वेल, दिशा सांगतात ती कुठून येतोय त्याची. नैऋत्य स्वेल म्हणजे नैऋत्येकडून आलेला, अंशात २२५. पण नकाशावरचा बाण दाखवतो तो कुठं चाललाय ते. एकदा हे उलटं धरलं की पूर्ण दिवसाचा अंदाज उलटा. आपल्या कामाचा स्वेल १९० ते २३० अंशातला, दक्षिण-नैऋत्येचा. हिवाळ्यात ३०० च्या पुढचे आकडे दिसतात, वायव्येचे, ते इराण-अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटांचे असतात, पिरियड ६ ते ८, माझी फेब्रुवारीची ट्रिप ज्यांनी खाल्ली त्या याच. मग बीचचं तोंड कुठं आहे ते सॅटेलाइट नकाशावर बघा, नैऋत्येला उघडं असेल तर स्वेल सरळ येतो, मध्ये डोंगराचं टोक आडवं असेल, गोव्यात अशा जागा आहेत, तर बाहेर दीड मीटर असताना आत गुडघाभर. नवख्याला मोठ्या दिवशी अशीच आडोशाची जागा हवी असते.

ॲप कुठलं, तर विंडी आणि विंडगुरू दोन्ही फुकटात पुरतात. बीचचं नाव टाकण्यापेक्षा किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात बोट ठेवा कारण किनाऱ्याला चिकटलेल्या बिंदूवर बऱ्याचदा जमिनीचा आकडा मिसळतो. तिथं एकूण लाट, स्वेल १, स्वेल २, वाऱ्याची लाट असे वेगळे रकाने येतात, एकूण लाटेच्या आकड्यावर भुलू नका, स्वेल १ ची उंची आणि पिरियड वाचा. जीएफएस आणि ईसीएमडब्ल्यूएफ अशी हवामानाचा अंदाज काढणारी दोन मॉडेलं असतात, दोघांचं एकमत असेल तर विश्वास ठेवा, एक म्हणतं सकाळी वारा ५ आणि दुसरं म्हणतं १८ तर अजून ठरलेलं नाही असं समजून संध्याकाळी परत बघा. वेळ भारतीय आहे का तपासा, काही ठिकाणी जागतिक वेळ असते आणि साडेपाच तासांचा फरक पडतो, म्हणजे सकाळचा वारा समजून तुम्ही दुपारचा वाचत असता.

आणि जी उंची लिहिलेली असते ना, ०.८ वगैरे, ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. सगळ्या लाटांमधल्या सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी काढतात, तो आकडा. म्हणजे १ मीटर लिहिलेलं असताना तास-दोन तासांत एखादी दोन मीटरच्या जवळची लाट येणारच. ती आली की "ॲपनं फसवलं" म्हणू नका, ती त्या आकड्यातच धरलेली होती.

या सगळ्याच्या आधी एक ठिकाण रोज उघडायचं, हैदराबादच्या इन्कॉइसचं. ही आपल्या केंद्र सरकारची संस्था, समुद्राचा अंदाज देणं हेच तिचं काम, मच्छिमारांसाठी उंच लाटांचे इशारे जिल्ह्यानुसार देते. केरळात याला एक शब्द आहे, कल्लक्कडल, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आभाळ निरभ्र, वारा नाही, जवळपास वादळ नाही, आणि लांबच्या दक्षिणेचा स्वेल एकदम किनाऱ्यावर चढतो. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला असाच इशारा लागलेला होता आणि कन्याकुमारी जिल्ह्यात डॉक्टरकी शिकणारी पाच मुलं लाटेनं नेली. ती सर्फिंगला गेली नव्हती, नुसती किनाऱ्यावर फिरायला गेली होती. आपल्याकडची माणसं समुद्र वर्षातून एकदा बघतात, पाणी दिसलं की कपड्यानिशी धावतात, म्हणून मी हे परत परत सांगतो. आमची आजी पोळ्याला बैल धुवायला गिरणेवर निघालेल्या पोरांना म्हणायची, पाणीसंगे मस्करी नको करू भो. इन्कॉइसचा लाल-नारिंगी इशारा असेल तर बोर्ड भाड्यानं घेतलेला असो, पैसे भरलेले असो, जायचं नाही.

भरती-ओहोटीचं थोडक्यात. दिवसात दोनदा भरती, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक मोठा, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. मुंबई-अलिबागकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, ढोबळ आहे पण जमतं. मुल्कीकडे भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आतबाहेर, तिथं मध्यावरचं पाणी, म्हणजे भरती चढत असतानाचे दोन-तीन तास, शिकणाऱ्याला सगळ्यात बरे. पूर्ण भरतीला लाट अगदी काठावर येऊन आदळते, मान-खांदा वाचवायचा असेल तर तेव्हा बाहेर.

इथंच सुरतचं सांगून टाकतो, कारण नंदुरबार-धुळ्याच्या पोरांना सुरत हाताशी आहे आणि "डुमसला सर्फिंग होईल का" हा प्रश्न ठरलेला. नाही होत. आपली तापी जिथं समुद्राला मिळते तिथं खंभातचं आखात सुरू होतं, पाणी गढूळ, तळ उथळ चिखलाचा, सौराष्ट्र आडवं, स्वेल तिथं पोचेपर्यंत मरतो. उलट भरती-ओहोटीतला फरक पाच-सहा मीटर आणि आत भावनगरकडे दहाच्या वर, पाणी लांब जातं आणि परत येताना झपाट्यानं येतं, ओहोटीत आत नेलेल्या गाड्या चिखलात रुततात त्या याच्यामुळंच. तिथं भजी खा, सूर्यास्त बघा, बोर्ड घेऊन जाऊ नका.

आता बीचवर पोचलात. ॲप खिशात ठेवा आणि वीस मिनिटं उभं राहून नुसतं बघा, हे मला तिथल्या एका इंस्ट्रक्टरनं शिकवलं, कोळ्याचं पोर, अंदाज बघायला त्याला मोबाईल लागत नाही. त्यानं मला लांब फुटणाऱ्या लाटेजवळचा एक बोया (पाण्यावर तरंगणारी खुणेची पेटी) दाखवला, म्हणाला मोबाईलचं स्टॉपवॉच लाव, पहिली लाट बोयावरून गेली की सुरू कर आणि त्यानंतरची दहावी लाट गेली की बंद कर. मी केलं, १४६ सेकंद आले. दहानं भागलं, १४.६. ॲपवर १५ होतं. तेव्हापासून मी हे प्रत्येक वेळी करतो, माझ्या मोजणीत ८ आले आणि ॲप १४ म्हणत असेल तर समजायचं स्वेल अजून पोचला नाही किंवा वाऱ्याच्या लाटा वरचढ झाल्यात.

वीस मिनिटं का, तर लांब पिरियडच्या लाटा टोळीनं येतात, चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ शांत. त्या शांत वेळात पोचलेला माणूस म्हणतो अरे काहीच नाही आणि आत शिरतो, आणि अर्ध्या वाटेत टोळी येते. बघताना अजून एक शोधायचं, जिथं लाट फुटतच नाही, दोन्ही बाजूला फेस आणि मध्ये गडद, शांत, आत जाणारी पट्टी. आपल्या डोळ्याला तीच जागा सुरक्षित वाटते कारण आपल्याला नदीतलं शांत पाणी माहिती. समुद्रात ती ओढ असते, किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथून परत जातं. सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नका, बोर्ड सोडू नका, काठाला समांतर बाजूला सरका, फेस दिसेल तिकडं, आणि हात वर करा. लाट फुटते ती तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर, म्हणजे एक मीटरची लाट जिथं फुटतेय तिथं पाणी छातीएवढं आहे, नवख्यानं याच्या आतच, पाय टेकतील तिथं राहायचं.

पहिल्या ट्रिपला काय आकडे हवेत ते सरळ सांगतो, स्वेल अर्धा ते पाऊण मीटर, पिरियड ९ ते १२, वारा १० च्या आत, भरती चढती, वेळ सकाळची. १४-१५ सेकंदाचा दिवस चांगला खरा, पण तो दोन ट्रिप झाल्यावर, आणि तेव्हा पण इंस्ट्रक्टर सोबत हवा.

आणि जायच्या आधी पंधरा दिवस घरी बसून सराव करा, पैसे लागत नाहीत. एक वही करा, रोज रात्री त्याच बिंदूचा उद्या सकाळी सातचा आकडा लिहा, स्वेल किती मीटर, किती सेकंद, किती अंश, वारा कुठला किती, भरती कधी, आणि तुमच्या मते समुद्र कसा असेल ते एका ओळीत. तिथल्या सर्फ स्कूलवाल्याशी ओळख करून ठेवा, सकाळी एक फोटो किंवा छोटा व्हिडिओ मागा, बहुतेक जण देतात. मग तुमच्या ओळीखाली खरं काय होतं ते लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे, "स्वेल ०.९, १३ से., २१० अंश, वारा पूर्व ६, भरती ९.१०. अंदाज: स्वच्छ, कमरेच्या वर." खाली दुसऱ्या दिवशीची, "व्हिडिओ आला. स्वच्छ होतं, पण लाट फक्त गुडघ्याच्या वर. पुढच्या वेळी २१० अंशाला या बीचसाठी थोडं कमी धरायचं."